लाभ, दोन, तीन

त्रेपन्न निघाले. ताटली दिव्याजवळ नेली, एकेक चिंचोका बोटानं बाजूला सारत परत मोजले. त्रेपन्नच. परवा बावन्न होते. काल मी ठेवला नव्हता. चाळीस दिवस रोज एक ठेवला आणि काल पहिल्यांदा नाही ठेवला, तरी आज एक वाढलेला. समोर शेंदराचा मारुती, त्याच्या डोळ्यांत ज्योत हलत होती आणि तालमीत माझ्याशिवाय कोण नव्हतं. कुलूप मी माझ्या हातानं काढलेलं. आपण रस्त्यात केळ्याचं साल टाकावं, आडोशाला बसून हसून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथंच दुसरं साल, आपण न टाकलेलं, पण आपल्याच पद्धतीनं उलटं पडलेलं. तसं वाटलं. मी मागं वळून बघितलं. खोड्या काढणाऱ्या माणसाला मागं बघायची सवय नसते. सगळ्यांच्या मागं तोच असतो, त्याच्या मागं कोण असणार? कुस्तीच्या हौद्यातली लाल माती तेलाचा, ताकाचा आणि माणसाचा वास सोडत होती. तो वास मला जन्मापासून ओळखीचा. त्या दिवशी मात्र नाकात शिरला आणि बाहेर पडेना.

मी दत्तोबा. चिंचवडात मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवतो असाही नाही. दोन्ही गोष्टी मी कष्टानं कमावलेल्या. वय सेहेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, मिशी ठीकठाक. पिंपरीला कंपन्या यायला लागल्या तेव्हा आमच्या गावची पोरं रांगेत उभी राहिली, मी रांगेच्या पुढं जाऊन गेटवरच्या साहेबाला विडी दिली आणि गेटवरच लागलो. सकाळी बिल्ले वाटायचे, संध्याकाळी जमा करायचे. पितळी बिल्ला, त्यावर नंबर. एकदा दोघांचे बिल्ले बदलून दिले तर अख्खा दिवस हजेरीला हा त्याच्या नावानं ‘हजर’ म्हणतोय, तो ह्याच्या. आमच्या सोपानराव वस्तादाला एकदा सांगितलं की मुंबईहून शिनेमावाले येणार, तालमीचा फोटू घेणार. वस्तादानं तालीम चुन्यानं रंगवली, पोरांना तेल चोपडून उन्हात ओळीनं उभं केलं. दिवेलागणीपर्यंत उभे. मी मारुतीच्या मागं बसून इतका हसलो की बरगडीत चमक भरली. तालमीतला दिवा लावायचं काम आमच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून किल्ली माझ्याकडं. रोज पहाटे येतो, दिवा लावतो, तिथनं पायी कंपनीत. देवाला ठाऊक आहे मी कसा आहे. त्यानं कधी तक्रार केली नाही.

सयाजी जतकडचा. तिकडं पाऊस पडत नाही, माणसंच बाहेर पडतात. कंपनीत कोळसा उतरवायला टेंपरवारी लागला होता. उंच, खांदे पडलेले, तोंडावर कायम कुणीतरी आत्ताच बक्षीस दिल्यासारखा भाव. माघात एका पहाटे तालमीच्या दारात येऊन उभा राहिला आणि वस्तादाला म्हणाला, मला कुस्ती नको, फक्त बैठका काढायला जागा द्या. वस्तादानं कारण विचारलं. तर म्हणाला, वैशाखात कंपनीच्या डॉक्टरची तपासणी आहे, ती पास झालो की पर्मनंट होणार, कॉलनीत खोली मिळणार, मग रंभाला आणणार. रंभा त्याची बायको, लग्नाला तीन वर्षं, त्यातले एकत्र महिने चार. त्यानं ते बोटांवर मोजून सांगितलं. आणि दिवाळीनंतर एकदा तपासणी झालेलीच आहे, हे सांगताना त्यानं आवाज जरा खाली आणला, बढाई वाटू नये म्हणून. डॉक्टरनं पुण्याला पाठवून छातीचा फोटू काढवला, फोटू बघून मान हलवली आणि इंग्रजीत बोलला. कंपाउंडरनं मराठीत सांगितलं. काय सांगितलं? ‘तुझं काळीज मोठं हाय म्हनला,’ सयाजी म्हणाला. ‘सा म्हयन्यांनी परत दाखव म्हनला.’ आम्ही सगळे हसलो. वस्तादानं त्याच्या पाठीत थाप मारली, म्हणाला, लेका, ते आम्हाला न फोटू काढता दिसतंय. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो असणार, कारण मी नेहमी तसाच हसतो.

त्याची पद्धत अशी. दोन पितळी ताटल्या. डावीकडच्या ताटलीत चिंचोके. दहा बैठका झाल्या की एक चिंचोका उजवीकडं. डावी ताटली रिकामी झाली की थांबायचं, सगळे चिंचोके परत डावीकडं ओतायचे आणि मारुतीच्या पायाशी ठेवून जायचं. दर शनिवारी एक चिंचोका वाढवायचा. पहिल्या बैठकेला तो ‘एक’ म्हणायचा नाही. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, तसं म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. डोळे मिटलेले, हात छातीशी, आणि शेजारी कुणी कुस्तीत हाड मोडून घेतलं तरी पापणी हलायची नाही. मी असा एकचित्त माणूस पाहिला नव्हता. मला तर दाढी करताना सुद्धा तीन घरांतलं बोलणं ऐकू येतं. एवढं ध्यान लावलेला माणूस बघितला की माझ्या हाताला खाज सुटते. तो काही राग नसतो. गुळगुळीत भिंत बघितली की पोरांना कोळशानं काहीतरी काढावंसं वाटतं ना, तसं. बारा चिंचोके झाले होते. तेराव्याला मी हात घातला.

आमच्या गावात चिंचोक्यांना काय तोटा. गावाच्या नावातच चिंच आहे. फाल्गुन लागला की घरोघर अंगणात बाया चिंचा फोडत बसतात, सुपात गर, खाली चिंचोक्यांचा खच, पोरं त्यानं खेळतात, कोंबड्या त्यावर घसरतात. मी रोज पहाटे खिशातनं एक नेऊन ताटलीत टाकायचो. तेरा, चौदा, पंधरा. तो यायचा, लंगोट कसायचा, डोळे मिटायचा. मी दाराशी विडी ओढत त्याच्या ‘लाभ’ची वाट बघायचो. वाटलं होतं चार दिवसांत ओळखेल, शिव्या देईल, मग दोघं हसू, चहा पिऊ. पण तो काही बोलला नाही. वीस झाले, तीस झाले. मी रोज थोडा अधिक हसायचो आणि हसणं रोज थोडं अधिक उशिरा संपायचं. शनिवारी तो स्वतःचा एक ठेवायचा, तो ठेवणं त्यानं बंद केलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. सगळ्या गावाचं सगळं ध्यानात ठेवणारा मी, हेच कसं सुटलं?

आणि तो भरत चाललेला. मांड्या, मान, सगळं. वस्ताद पोरांना सांगायचा, ह्याच्याकडं बघा, रोज एक मूठ माती टाकली तरी डोंगर होतो. पाय तर इतके भरले की संध्याकाळी वहाणेचा पट्टा रुतायचा. एकदा मी त्याच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेसारखा. मला ती गंमतच सापडली. गेटवर चार लोकांना बोलावून मी त्याच्या पायावर खळगे पाडून दाखवले, एकानं तर पानाचा बोटाला लागलेला चुना त्यात भरला. सयाजी लाजून हसत होता. त्याच्या खोलीतले लोक सांगायचे की हा आता आडवा झोपत नाही, भिंतीला टेकून बसूनच झोपतो. तो म्हणायचा, आडवं झालं की दम कोंडतो, शरीराला आळस नको झालाय. आम्ही म्हणालो, ह्याला म्हणतात तप. मी ह्या सगळ्या गोष्टी घरी येऊन बायकोला, कुसुमला सांगायचो. कुसुम चिंचा फोडता फोडता ऐकायची. हसायची नाही. एकदाच म्हणाली, ‘तुमी हसाय लागला की मला भावजींचा पाय आठवतो.’

भावजी म्हणजे माझा थोरला भाऊ हिंदुराव. तो लंगडतो. तो चौदाचा होता आणि मी दहाचा, पवनेच्या काठच्या मोठ्या चिंचेवर तो चढला होता. शेंड्याकडची फांदी वाळलेली होती, मला खालून दिसत होती, तिच्यावर पान नव्हतं. त्यानं वरनं विचारलं, दत्त्या, धरंल का रं ही? मी म्हणालो, धरंल. मला फक्त तो घाबरलेला बघायचा होता. फांदी वाकेल, तो किंचाळेल, खोडाला मिठी मारेल, मी हसेन, एवढंच डोक्यात होतं. आवाज आला तो अगदी लहान होता. वाळली चिंच फोडल्यावर येतो तेवढा. आणि मी, देवाशपथ सांगतो, तो पडत असताना हसत होतो, कारण हसू आधीच निघालेलं होतं, ते परत घेता येत नव्हतं. छत्तीस वर्षं झाली. हिंदुरावानं कधी विषय काढला नाही. बैलगाडी हाकतो, जत्रेला जातो, माझ्या थट्टांना सगळ्यांबरोबर हसतो. पण मी काहीही सांगितलं, अगदी पाऊस आला म्हणून सांगितलं, तरी तो स्वतः दारात जाऊन हात बाहेर काढून बघतो.

तर परवा, म्हणजे त्रेपन्नच्या दोन दिवस आधी, दवाखान्याचा कंपाउंडर उद्धवराव गेटवर बिल्ला द्यायला आला. मी सहज म्हणालो, उद्धवराव, तुमचा तो मोठ्या काळजाचा माणूस तालमीत बघायला या, पाचशे बैठका काढतो. उद्धवराव थांबला. बिल्ला हातात तसाच. ‘कोण? तो जतचा? त्याला तर ओझं उचलू नको म्हणून सांगितलंय. साहेबांनी त्याला कोळशावरनं काढून बागेत का टाकला मग?’ मी म्हणालो, काळीज मोठं म्हणून कौतुक केलं ना तुम्ही. उद्धवराव माझ्याकडं असा बघायला लागला की माझी थट्टा चालली आहे की त्याची, हे त्याला कळेना. मग त्यानं स्वतःच्या मुठीवर दुसऱ्या हाताची मूठ ठेवली. म्हणाला, दत्तोबा, काळीज एवढं असतं. त्याचं एवढं झालंय. फुग्यासारखं. फुगा जास्त फुगला की काय होतं? पाय सुजतात, झोपता येत नाही. सहा महिने विसावा घेऊन दाखव, कमी झालं तर बघू, असं सांगितलं होतं. आणि बिल्ला देऊन तो गेला. मी तो बिल्ला कितीतरी वेळ पेटीत टाकला नाही. माझं बोट आपोआप माझ्या नडगीवर गेलं. दाबलं. खळगा पडला नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

म्हणून मी ठेवणं थांबवलं. आणि म्हणून त्रेपन्न बघून मी मागं वळून बघितलं होतं. मी त्यातले दहा काढून खिशात घातले. दुसऱ्या दिवशी चोपन्न होते. वीस काढले. पंचावन्न झाले. मी दारात बसून बघायचो, सयाजी यायचा, ताटलीकडं बघायचा, जरा थांबायचा, आणि कंबरेच्या कनवटीतनं चिंचोके काढून अगदी हळू, आवाज न करता, ताटलीत सोडायचा. त्याला वाटायचं मला दिसत नाही. खोडी काढणारा कसा चालतो, कसा हात वळवतो, कसा श्वास धरतो, हे मला माहीत आहे. तो तसं करत नव्हता. तो देवापुढं फूल ठेवावं तसं ठेवत होता. आता ‘लाभ’ म्हटल्यावर त्याचा दम दोन ठिकाणी तुटायचा. तो मधेच थांबायचा, ओठ जांभळट, आणि हसायचा. त्याचं काम चोख चाललं होतं. ते त्याला कुठं नेणार, हे मला माहीत होतं.

मी वस्तादाकडं गेलो. सगळं सांगितलं, फोटू, फुगा, सूज, सगळं. सोपानराव सुपारी कातरत होता. कातरणं न थांबवता म्हणाला, ‘दत्त्या, औंदा चुना न्हाई आनायचा मी.’ मी म्हणालो, वस्ताद, मारुतीची शपथ. तर म्हणाला, शिनेमावाल्यांच्या येळी बी तू ह्याचीच शपथ घेतली हुतीस. उद्धवरावाला म्हणालो, तुम्ही येऊन सांगा. तो म्हणाला, डॉक्टरसाहेब आले की सांगतो, आणि तुमच्या भांडणात मला ओढू नका, गेल्या साली माझी सायकल झाडावर कुणी टांगली होती ते मला माहीत आहे. रस्त्यानं परत येताना मला वाटलं, आपण आयुष्यभर एक एक चिंचोका टाकत आलो आणि आता ताटली भरली. ही उपमा मला आवडली आणि मी तिला हसलो सुद्धा. रस्त्यात एकटाच. समोरनं येणाऱ्या बाईनं वाट सोडली.

शेवटी मी त्यालाच धरलं. आंघोळ करून पायरीवर पाय पसरून बसला होता. पाय पांढरट, तुकतुकीत, भोपळ्यासारखे.

‘सयाजी, ते चिंचोके मी ठेवत होतो. चाळीस दिवस. थट्टेनं.’

तो हसला. ‘मामा, तुमी लई गमतीचं हाय. पर ह्यात नगा.’

‘अरे खरं सांगतोय.’

‘मग आता कोन ठेवतंय?’

मी म्हणालो, तूच ठेवतोस, मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचं हसू मावळलं. त्यानं मारुतीकडं बघितलं, मग माझ्याकडं सरकला. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा आणि आणखी कसलातरी, शिळ्या पाण्यासारखा वास येत होता. ‘व्हय. पर कुनाला सांगू नगा. तिसऱ्या दिशीच माज्या ध्यानात आलं, कुलपाच्या आत, रोज एक. कोन ठेवील? मी म्हनलं देवाच्या मनात हाय मला वर न्यायचं. मी माजा शनवारचा ठेवायचा सोडला. त्योच ठेवतोय तर आपन मधी कशाला? आन एक दिस त्यानं ठेवला न्हाई. उलटं काडाय लागला. माजंच कायतरी चुकलं आसंल. पर त्येचा नेम मोडू ने, म्हनून मी ठेवतो.’

मी म्हणालो, काळीज मोठं हा रोग आहे. तो इतका हसला की त्याला खोकला लागला, खोकला थांबेना, गुलाबी फेस पुसून त्यानं हात मातीला घासला. ‘काळीज मोठं आसनं रोग? मग बारीक काळजाचा मानूस बरा, व्हय मामा?’

बारीक काळीज म्हणजे काय ते मी आतून बघत होतो. ते सुपारीएवढं असतं, फार उड्या मारतं आणि त्याला कधी सूज येत नाही.

त्या दिवशी मी सगळे चिंचोके पवनेत टाकले. घरी आलो तर कुसुम अंगणात, आणि तिच्यासमोर सयाजी सूप धरून बसलेला, आणि ती त्याच्या पंच्यात ओंजळीनं चिंचोके घालत होती. सांगत होती, ने की बाबा, ह्याचं काय करायचं आम्हाला, कोंबड्या घसरतात. अख्खं गाव चिंचा फोडत होतं. दुपारभर सगळीकडनं तो आवाज, वाळली साल फुटल्याचा, लहान, कोरडा, घराघरातनं. मी कानांवर उपरणं घेऊन पडलो. सयाजी मला उठवून सांगून गेला की हनुमान जयंतीला एकशेआठ. एकशेआठ चिंचोके, एक हजार ऐंशी बैठका, देवाच्या पायाशी. मग तपासणी. मग रंभा. आणि मोजायला मात्र तुम्ही बसा मामा, म्हणाला, मला त्या दिवशी मधे थांबून चिंचोका सारायचा नाही, ध्यान मोडतं. तुमच्याएवढा जागा माणूस गावात नाही.

हे ऐकलं आणि मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. का ते सांगतो. ताटली माझ्या हातात येणार होती. ह्या हातानं मी बिल्ले बदललेत, पत्ते बदललेत, एकदा तर भटजीच्या पंचपात्रीतलं पाणी त्याच्या नाकासमोर बदललंय. एका माणसाचे डोळे मिटलेले आणि समोर दोन ताटल्या. एवढं सोपं काम मला उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं. खोडीनं घातलं ते खोडीनंच काढायचं. मारुतीपुढं दिवा लावताना मी त्याला डोळा मारला.

जयंतीच्या पहाटे तालमीत आम्ही दोघंच. जन्माला अजून अवकाश होता, लोक सूर्योदयाला येणार. सयाजीनं मारुतीला तेल वाहिलं, मला नमस्कार केला, डोळे मिटले. ‘लाभ,’ म्हणाला. मी मांडी घालून बसलो. पहिल्या दहाला एक चिंचोका सारला. दुसऱ्या दहाला दोन. एकाचा आवाज करायचा, दुसरा बोटाखाली दाबून मुका न्यायचा. मग पुढं प्रत्येक दहाला दोन. मधनंच तीन. हात लोण्यासारखा चालत होता. त्याचा श्वास भात्यासारखा, आणि मधे मधे त्या भात्याला कुठंतरी भोक पडल्यासारखी शीळ. मी मनात म्हणत होतो, चल राजा, चल, अर्ध्यावर आणतो तुला, थोडं राहिलं. डावी ताटली भराभर उतरत होती. तळ दिसला. पितळेत माझं तोंड दिसलं, रुंद, हसरं. शेवटचे दोन मी एकदम सारले आणि म्हणालो, ‘झाले एकशेआठ.’

खरे पन्नास सुद्धा नव्हते झाले. रोजच्यापेक्षा कमीच. सयाजीनं डोळे उघडले. रिकाम्या ताटलीकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं, पायांकडं, एखादी उसनी वस्तू बघावी तसं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मामा,’ तो म्हणाला. ‘दमलो न्हाई. एकशेआठ झाल्या आन मी दमलो न्हाई. बघितलंत? त्यानं दिलं. एवढे दिस परीक्षा बघितली आन आज दिलं.’

आणि त्यानं उजवी ताटली उचलली, सगळे चिंचोके खळकन डावीत ओतले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाला, आता अजून एकदा. हे देवाचे. मघाचे माझे होते.

मी हात धरला. म्हणालो, सयाजी, मी दोन दोन सारले. फसवलं तुला. तो मायेनं हसला, माझा हात सोडवला, डोळे मिटले. ‘लाभ.’ दोन. तीन. माझ्या हातात पहिला चिंचोका होता आणि तो सारायला बोट हलेना. शीळ आता प्रत्येक श्वासाला. ओठ पिकल्या जांभळासारखे. त्याला थांबवेल अशी एखादी गोष्ट मी शोधत होतो, आणि माझ्याजवळ फक्त माझी सोंगंच होती. मी छातीला हात लावला. ‘आई गं,’ म्हणालो आणि हौद्याच्या कडेवर आडवा झालो. डोळे फिरवले. तोंड वाकडं केलं. उत्तम केलं. मी वाईट कधी करत नाही.

मोजणं थांबलं. थांबलं, तेव्हा मला वाटलं, जिंकलो. मग त्याचे ओले हात माझ्या काखेत आले. मी एका डोळ्यानं बघतोय तोवर त्यानं मला उचलून पाठंगुळीला घेतलं, माझे दोन मण, आणि तो दाराबाहेर पडला. पळत. कंपनीच्या दवाखान्याकडं. चिंचवडपासून पिंपरीपर्यंत.

‘उतरव,’ मी म्हणालो. ‘सयाजी, थट्टा होती. काही झालं नाही मला. उतरव.’

‘बोलू नगा मामा. दम लागंल तुमाला.’

‘अरे खोटं होतं.’

‘व्हय, व्हय. गप पडा. घाबरू नगा, माजं काळीज मोठं हाय.’

मी त्याच्या खांद्यावर मुठी मारल्या. त्याला वाटलं मला झटके येतायत, तो आणखी जोरात पळायला लागला. उजाडत होतं. हिंदुरावाची बैलगाडी समोरनं येत होती. मी ओरडलो, ‘हिंदुराव, ह्याला थांबव, हा मरंल.’ भावानं कासरा ओढला, माझ्याकडं बघितलं, एका पैलवानाच्या पाठीवर बसलेला मी, जयंतीच्या सकाळी, आणि तो हसला. गाडी बाजूला घेऊन त्यानं आम्हाला वाट दिली.

आता रेल्वेचं फाटक दिसतंय, त्याच्यापुढं धुरांडं. मी ओरडायचं सोडलंय. माझा कान त्याच्या पाठीला टेकलाय आणि आत ते वाजतंय. मी आजपर्यंत कुणाचं ऐकलं नव्हतं. ते केवढं आहे. एका पाठीत मावत नाही एवढं, मोकळ्या हौद्यात कुणी आपटत असल्यासारखं, ओलं, घाईचं. मी मोजतोय. दुसरं काय करणार, मोजायला मलाच बसवलंय. लाभ, दोन, तीन, चार. पाच, सहा. सातवा ठोका पडला नाही. मी श्वास धरून वाट बघतो, तो पळतोच आहे, पाय पडतायत, सात पडत नाही. मग पडतो, लांबून, चुकून आल्यासारखा. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. लाभ. दोन.